हॉटेलातल्या दोन रात्री

हॉटेलात राहण्याचा प्रसंग आमच्या घरात आजवर कुणावर आला नव्हता. हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण, आणि परगावी गेलेच तर मुक्काम पाहुण्यांकडे नाहीतर देवळाच्या धर्मशाळेत, एवढेच आम्हाला ठाऊक. त्यातून समुद्रकाठचे हॉटेल, तेही नुकतेच नव्याने सजवलेले. तिथे आम्ही तिघे, म्हणजे बाबा, आई आणि मी, २०२४ च्या जुलै महिन्यात दोन रात्री राहून आलो. वर्गात हे सांगितले तेव्हा "लॉटरी लागली काय गं?" असे एका मैत्रिणीने विचारले. लॉटरी नव्हे, ती मजुरी होती. कशी, ते सांगते.

बाबा फरशी बसवणारे मेस्त्री. आमचे गाव खानापूर तालुक्यात. आमच्या भागातून गोव्याला भाजी जाते, दूध जाते, तशी माणसेही जातात. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशीवाले. बाबा पहिल्यांदा गेले ते २००१ साली, एका मेस्त्रींच्या हाताखाली गडी म्हणून. त्या वेळी कांदोळीच्या किनाऱ्याजवळ एक भले मोठे जहाज वाळूत रुतून पडले होते. 'रिव्हर प्रिन्सेस' त्याचे नाव. २००० च्या जूनमध्ये ते तिथे येऊन रुतले आणि पुढे बाराएक वर्षे तिथेच गंजत राहिले. समुद्र म्हटला की बाबांना अजून ते जहाजच आठवते. "समुद्र बघितलाय की, मधे जहाज होतं," असे ते सांगतात. बाकी वीस-बावीस वर्षे त्यांनी गोव्यात पाहिली ती जमीन. काम गुडघ्यावर बसून करायचे, नजर खाली. समुद्राकडे त्यांची पाठ असायची.

हे हॉटेल कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यातले. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्याची थोडी नालस्ती होईल. ऐंशीच्या दशकात परदेशी पाहुण्यांची चार्टर विमाने गोव्यात उतरू लागली त्या सुमाराला बांधलेली ही दुमजली इमारत. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, खाली रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या. खाऱ्या वाऱ्याने स्लॅबमधले लोखंड फुगले होते, गिलावा सुटला होता. मालकांनी २०२३ च्या पावसाळ्यात ती दुरुस्तीला काढली. किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेले हे काम पावसाळ्यातच काढतात. जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक कमी, आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायच्या आत दारे पुन्हा उघडायची असतात. म्हणजे ज्या दिवसांत सिमेंट वाळत नाही, नेमक्या त्याच दिवसांत सगळे काम घाईने उरकायचे.

इमारत पाडून नवीच का बांधत नाहीत, असे मी तेव्हा बाबांना विचारले होते. "पाडलं तर परत बांधूला देत नाहीत. जोतं तेच ठेवायचं, वरचं बदलायचं," ते म्हणाले. पुढे आमच्या भूगोलाच्या सरांनी किनारा नियमन क्षेत्राचा पाठ घेतला तेव्हा त्या वाक्याचा उलगडा झाला. १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची जमीन नियमाखाली आली, आणि ग्रामीण भागात पहिल्या दोनशे मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही. पण आधीपासून असलेल्या अधिकृत इमारतीची दुरुस्ती त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात करता येते. २०११ आणि २०१९ साली नियम बदलले, तरी हा धागा राहिला. सरांना मी म्हटले, "हे मला घरी आधीच शिकवलं होतं." सर हसले. त्यांना वाटले असावे, माझे वडील इंजिनियर आहेत.

तर त्या पावसाळ्यात बाबा साडेतीन महिने तिथे होते. बरोबर रामदुर्गकडचे दोन गडी. पहिला महिना जुनी फरशी उखडण्यात गेला. ब्रेकर लावला की ती नक्षीची फरशी कौलासारखी फुटायची. बाबांना ते बघवेना, म्हणून त्यांनी एका खोलीतल्या बारा फरश्या छिन्नीने हळूहळू सोडवून काढल्या, मुकादमाला विचारून पोत्यात बांधल्या आणि गणपतीला गावी येताना बसमधून आणल्या. त्यातली एक फुटली. उरलेल्या अकरा आमच्या सोप्यात उंबऱ्याला लागून बसवल्या आहेत. लाल आणि पिवळी फुले, कडेला काळी रेघ. पायाला गार लागतात. शेजारणी बघायला येऊन गेल्या.

मजुरीचे असे झाले. हॉटेलाने काम दिले ठेकेदाराला, ठेकेदाराने ते फुटाच्या दराने दिले बाबांना. पहिले दोन महिने पैसे मिळाले. मग "बिल पास झालं की देतो" सुरू झाले, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एके सकाळी ठेकेदाराचा फोन बंद लागला. तो पुढे कधी सुरू झालाच नाही. बाबांचे ४२,००० रुपये राहिले. गड्यांचे पगार मात्र त्यांनी चुकते केले, कारण "ती पोरं माझ्या शब्दावर आली होती." त्यासाठी आईची कानातली फुले सोसायटीत तारण पडली. त्या वर्षी माझी फी भरायला आठ दिवस उशीर झाला आणि मला ऑफिसातल्या क्लार्कसमोर दोनदा उभे राहावे लागले. हे काही फार मोठे दुःख नव्हे. आमच्या वर्गात याहून जास्त सोसलेल्या मुली आहेत.

दिवाळीनंतर बाबा पुन्हा हॉटेलात जाऊन मॅनेजरना भेटले. हॉटेलाने ठेकेदाराला सगळी रक्कम दिल्याचे कागद त्यांनी दाखवले. माणूस वाईट नव्हता, असे बाबा म्हणतात. निघताना त्यांनी बाबांच्या हातात एक जाड, गुळगुळीत कार्ड ठेवले. दोन रात्री, तीन माणसे, सकाळच्या नाश्त्यासह. मुदत पुढच्या वर्षीच्या १ जून ते ३१ जुलै.

आईने ते कार्ड उलटसुलट करून बघितले आणि विचारले, "हे शिजवून खायचं काय?"

कार्ड रेशनकार्डाच्या डब्यात जाऊन बसले. त्याचा विषय निघाला की आईचा हिशोब सुरू व्हायचा. कुणाकडून तरी तिने ऐकले होते की पावसाळ्यात तिथे एका रात्रीचे ७,५०० रुपये पडतात. "म्हणजे दोन रात्रीचे पंधरा हजार. मग वरचे सत्तावीस हजार कुठं गेले?" बाबा गप्प बसायचे. शेवटी २०२४ चा जुलै अर्धा उलटला, आषाढी झाली, आणि मीच हट्ट धरला की जाऊया. खरे सांगायचे तर मला समुद्राची ओढ नव्हती. मला त्या मॅनेजरना भेटायचे होते. इंग्रजीतली चार वाक्ये मी पाठ करून ठेवली होती. पहिले वाक्य "सर, माझ्या वडिलांनी तुमच्या हॉटेलात शंभर दिवस काम केले आहे" असे होते. उरलेली तीन इथे लिहिण्यात अर्थ नाही.

जांबोटी, कणकुंबी करत बस चोरल्याच्या घाटाला लागली. कणकुंबीला आईने खिडकीतून हात जोडले. मलप्रभा इथे उगम पावते आणि पाठ फिरवून पूर्वेला, आपल्या मुलखाकडे जाते. आम्ही मात्र उलट्या दिशेला, पश्चिमेला निघालो होतो. घाटात धुके असे दाट होते की ड्रायव्हरने दिवे लावले होते. आईच्या पिशवीत दोन दिवसांच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि दह्यातल्या मिरच्या होत्या. नाश्ता फुकट असला तरी दोन वेळचे जेवण कार्डावर नव्हते, हे तिने नीट वाचून घेतले होते. मी वाचून दाखवले होते, असे म्हणायला हवे.

हॉटेलाच्या पायऱ्यांवर बाबांनी चपला काढल्या. दारावरचा माणूस "अंकल, चप्पल पेहनिये, पेहनिये" म्हणत राहिला. बाबांना लाज वाटली, पण चिखलाच्या चपला घेऊन त्या फरशीवर पाऊल ठेवणे त्यांच्याने होईना. पांढरट, चकचकीत, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद फरशी. पाच महिने गेले की ती पिवळी पडेल, असे तेव्हा गडी म्हणत होते, पडलेली नव्हती. काउंटरवरची मुलगी आमच्याशी आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. तिने कार्ड घेतले, आधारकार्डे मागितली, आणि आमच्या पिशवीकडे एकदा पाहून नजर वळवली. तेवढ्यात सामान न्यायला आलेला पोरगा मोठ्याने ओरडला,

"मेस्त्री! नीव् इल्लि ह्यांग?"

तो बाबांच्या दोन गड्यांपैकी एक. काम संपल्यावर तो तिथेच सामान उचलण्याच्या नोकरीला राहिला होता. अंगावर तपकिरी सदरा, छातीवर नावाची पट्टी. बाबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले. "ऊटा आतेन्री?" त्याने विचारले, तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आमची पिशवी त्याने दोन्ही हातांनी उचलली, आणि बाबा ती त्याच्याकडून काढून घ्यायला बघत होते. त्या ओढाओढीत आम्ही जिना चढलो.

जिन्याच्या भिंतीवर दोन मोठे फोटो लावले आहेत. एकात जुनी इमारत, शेवाळलेली, कौले घसरलेली. दुसऱ्यात आताची, रात्रीच्या दिव्यांत. बाबा दोन्ही फोटोंसमोर थोडे थांबले. "मधला न्हाई," म्हणाले आणि वर गेले.

आम्हाला पहिल्या मजल्यावरची १०५ नंबरची खोली मिळाली. आता खोलीचे वर्णन करायला हवे, पण खरे म्हणजे मला ते नीट जमणार नाही. पलंग एवढा रुंद की आम्ही तिघे आडवे झोपलो तरी जागा उरावी. काचेचे सरकते दार, बाहेर सज्जा, सज्जासमोर सुरूची झाडे आणि त्यांच्यामागे करड्या रंगाचे काहीतरी हलत होते. आई काचेला नाक लावून उभी राहिली. तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा रात्री पण असाच आवाज करतो?"

बाबा तोवर न्हाणीघरात गेले होते. मी डोकावून पाहिले तर ते मगाने पाणी ओतून ते कुठे वाहते ते बघत होते. पाणी सगळे जाळीकडे गेले, कोपऱ्यात थेंब राहिला नाही. "ढाळ चांगला पडलाय," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि खोलीतल्या फरशीवर ठोकत ठोकत निघाले. फरशीखाली माल भरून बसला असेल तर नाणे खण्‌ असे घट्ट वाजते. खाली पोकळी राहिली असेल तर आवाज बदलतो, रिकाम्या डब्यासारखा येतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या घरी पाहुणे आले की बाबा त्यांना चहाच्या आधी हे दाखवतात. त्यामुळे मी लक्ष दिले नाही. आईला घेऊन खाली वाळूवर गेले.

पावसाळ्यातला किनारा चित्रातल्या गोव्यासारखा नसतो. लाटा मातकट, वाळूवर लाल निशाणे, आणि कुणी गुडघाभर पाण्यात गेला की जीवरक्षक शिट्टी वाजवतो. जून-जुलै मासेमारीलाही बंदी असते, म्हणून होड्या वर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवलेल्या. वाळूच्या उंचवट्यावर जांभळ्या फुलांची वेल पसरली होती. तिला मर्यादवेल म्हणतात. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात, म्हणून समुद्र मर्यादेत राहतो. हॉटेलाच्या हद्दीपुरती मात्र ती काढून तिथे हिरवळ लावली होती, आणि हिरवळीच्या कडेची वाळू खाली घसरू लागली होती. आईने पायावर एक लाट घेतली, वाकून ओंजळीत पाणी घेतले, जिभेला लावले आणि थुंकली. मग माझ्याकडे बघून इतकी हसली की मला ती क्षणभर माझ्याच वयाची वाटली. आम्ही दोघी भिजून चिंब झालो. त्या अर्ध्या तासात मी ती चार वाक्ये साफ विसरले होते.

वर आलो तेव्हा बाबा सरकत्या दाराजवळ जमिनीवर बसले होते.

"काय झालं?"

त्यांनी नाण्याने फरशी वाजवली. खण्‌. दुसरी, खण्‌. तिसरी वाजली नाही. म्हणजे वाजली, पण रिकामी.

"कुणी बसवली ही?" आईने विचारले.

"मीच."

मग ते हळूहळू बोलू लागले. शेवटचा दिवस होता. १०४, १०५ आणि १०६, या तीन खोल्यांत दाराजवळच्या एकेक-दोनदोन फरश्या राहिल्या होत्या. त्या सकाळीच ठेकेदाराचा फोन बंद लागला होता. दुपारपर्यंत बाबांनी पंचवीस वेळा लावला. फरशीच्या पाठीवर माल सगळीकडे पसरून, थापीने दात ओढून मग ती बसवायची असते. बाबांनी त्या दिवशी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच गोळे ठेवले आणि वरून फरशी दाबली. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. लेव्हल बरोबर, सांधा बरोबर. "राग आला होता," ते म्हणाले. "म्हटलं, पैसे पोकळ तर काम पण पोकळ."

आई म्हणाली, "बरं केलंत."

बाबांनी मान हलवली. "ठेकेदार कुठं इथं झोपतोय? पलंगाचा पाय ह्याच्यावर आला, नाहीतर कुणी पेटी आपटली, की तडकणार. कुणाचा तरी पाय कापंल."

त्या रात्री आम्ही भाकरी-चटणी खाल्ली. मऊ गादीवर आईची पाठ दुखू लागली म्हणून तिने खाली चादर अंथरली, आणि मग बाबाही खाली आले. एवढ्या मोठ्या पलंगावर मी एकटीच झोपले. समुद्र रात्रीही तसाच आवाज करत होता. मध्येच जाग आली तेव्हा बाबा उठून बसले होते. कटरच्या धुळीमुळे त्यांना खोकला आहे, त्याने उठले असतील असे मला वाटले. तेवढ्यात अंधारात नाणे वाजले.

सकाळी नाश्त्याला बत्तीस प्रकार होते, आईने मोजले. तिने इडली आणि चटणी घेतली, कोबीची भाजी चाखून "ही आपल्याकडचीच" असा निर्णय दिला, आणि खोली झाडायला बाई यायच्या आत वर जाऊन चादरी घडी घालून ठेवल्या. ती बाई आली तेव्हा तिला करायला काही उरले नव्हते. दोघी सज्जात बसून बोलू लागल्या. ती निघाली सौंदत्तीची. आईला मोडके कानडी येते, तिला मोडके मराठी. तासभर त्या दोघींचे यल्लम्मावर छान जमले.

बाबा आणि मी मॅनेजरांकडे गेलो. मी सोबत गेले ते माझ्या हेतूने, हे उघड आहे. बाबांनी टोपी काढून हातात धरली. मॅनेजरनी त्यांना ओळखले आणि उठून खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. "साहेब, एक बोलायचं होतं," एवढेच ते म्हणाले, तोच मॅनेजर म्हणाले, "हे बघा, पेमेंटचं माझ्या हातात काही नाही. मी तुम्हाला मागेच सांगितलं."

मी बाबांच्या कानाकडे पाहत होते. ते लाल झाले.

"पैशाला आलो न्हाई," बाबा म्हणाले. "तीन खोल्यांत फरशी पोकळ आहे. स्टोअरमधे शिल्लक फरश्या असतील. मला थापी आणि माल द्या, संध्याकाळपर्यंत करून देतो. मजुरी नको."

मॅनेजर गोंधळले. त्यांना यात काहीतरी डाव दिसत असावा. एकदा ते माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा हॉटेलातल्या माणसाचा झाला आणि ते अगदी नम्रपणे म्हणाले, "सर, आत्ता तुम्ही आमचे गेस्ट आहात. गेस्टना आम्ही काम करू देऊ शकत नाही. मेंटेनन्सवाले बघतील." कुणीतरी बाबांना 'सर' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. माझी पाठ केलेली वाक्ये घशापर्यंत आली होती. बोलले असते तर बाबा पैशालाच आले होते असे झाले असते, म्हणून मी गिळली. अजून मला नीट कळत नाही की ते बरोबर केले की चूक. ४२,००० रुपये ही आमच्या घरी लहान रक्कम नाही, आणि कानातली फुले मी हे लिहिते आहे तोवर सुटलेली नाहीत.

त्या दुपारी पाऊस कोसळत होता. बाबांनी रामदुर्गच्या पोराला गाठून १०४ ची खोली उघडून घेतली. ती रिकामी होती. नाणे वाजवून ते परत आले आणि "दुसरी," म्हणाले. १०६ मध्ये पाहुणे होते. संध्याकाळी त्यांनी आमच्या खोलीतला लाकडी स्टूल उचलून त्या तिसऱ्या फरशीवर ठेवला. त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सौंदत्तीच्या बाईने खोली आवरताना तो पुन्हा जागेवर नेला, कारण प्रत्येक वस्तूची जागा तिला कागदावर लिहून दिलेली होती.

निघताना आम्ही काउंटरवर किल्ली दिली. किल्ली म्हणजे एक कार्डच, जाड आणि गुळगुळीत. मुलीने एक छापील फॉर्म पुढे केला. खोली कशी वाटली, जेवण, सेवा, स्वच्छता, अशा रकान्यांपुढे पाच पाच तारे, आणि खाली 'सूचना' म्हणून चार रेघा. बाबांनी तो माझ्याकडे दिला. मी खुर्चीवर बसले आणि पहिल्या रेघेवर इंग्रजीत ते पाठ केलेले पहिले वाक्य लिहू लागले. बाबांना इंग्रजी येत नाही, पण आकडे वाचता येतात. मी शंभराचा आकडा लिहिला तसे ते वाकून म्हणाले,

"काय लिहूलालीस?"

"तुमच्या कामाचे दिवस."

"ते नको. ते वेगळं, हे वेगळं. खोल्यांचं लिही."

"बाबा, हे वाचतात तरी की नाही कोण जाणे."

"लिही तू."

मी नवा फॉर्म मागून घेतला. खोली नंबर १०५, सरकत्या दाराजवळ, भिंतीकडून तिसरी फरशी पोकळ आहे, तडकण्याआधी बदलावी. खोली नंबर १०४, दुसरी. सगळे इंग्रजीत लिहिले. मुलीने फॉर्म वाचला आणि भुवया वर करून विचारले, "सर इंजिनियर आहेत का?" मी हो म्हटले.

बसस्टँडवर कदंबची गाडी लागायची होती. आई पिशवीतून ओली साडी काढून पिळत होती. तिच्या काठाला वाळू चिकटलेली होती. रामदुर्गचा पोरगा आम्हाला सोडायला आला होता, तो बाबांसाठी चहा आणायला पळाला. बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसले.

"लिहिलंस नव्हं?"

"लिहिलं."

"एकशे पाचात तिसरी म्हटलंस? भिंतीकडनं?"

"भिंतीकडून तिसरी."

"आणि एकशे सहा?"

"ती आपण बघितली नाही, बाबा."

"असणार," ते म्हणाले. "घालायला पाहिजे होतीस."